सावली, जागा, वेळ: ‘ॲनिमल क्रॉसिंग’मध्ये हवा तो मासा कसा पकडायचा

निन्टेन्डो स्विचवरच्या ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ या गेममध्ये एकूण 80 प्रकारचे मासे आहेत. त्यातले बरेचसे किनाऱ्यावर भटकत जिथे सावली दिसेल तिथे गळ टाकला तरी वर्षभरात आपोआप मिळतात. गाडी अडते ती उरलेल्यांवर. सीलकँथ, सोनेरी ट्राउट, स्टर्जन, बॅरलआय असे मासे महिनोन् महिने हुलकावणी देतात आणि खेळणारा ‘आपलं नशीबच फुटकं’ म्हणून सोडून देतो. नशिबाचा वाटा आहेच, पण तो लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. कोणता मासा कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि केवढ्या सावलीचा, हे गेमने पक्कं ठरवून ठेवलंय. हा हिशेब जमला की काही वेळा गळ टाकण्याआधीच समोर कोणता मासा आहे ते खात्रीने सांगता येतं.

आधी घड्याळ आणि गोलार्ध

गेम तुमच्या स्विचच्या घड्याळावर चालतो. कन्सोल परदेशातून आणला असेल आणि त्यावर तिथलीच वेळ राहिली असेल, तर ‘दुपारी 4 नंतर’ मिळणारा मासा तुम्हाला भलत्याच वेळी दिसेल. सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन भारतीय वेळ लावून घ्या.

गेमच्या सुरुवातीला राहायला बेट निवडताना उत्तर की दक्षिण गोलार्ध असं विचारतात. ही निवड नंतर बदलता येत नाही. खाली दिलेले सगळे महिने उत्तर गोलार्धाचे आहेत. मेलबर्न किंवा ऑकलंडला बसून दक्षिण गोलार्धाचं बेट घेतलं असेल तर सरळ सहा महिने पुढे मोजा. यात एक फायदाही आहे. दुसऱ्याच्या बेटावर पाहुणा म्हणून जाऊन तिथले मासे पकडता येतात आणि आपल्या संग्रहालयाला देताही येतात. त्यामुळे पुण्यातल्या बेटावर जुलै असताना ऑस्ट्रेलियातल्या मावसभावाच्या बेटावर जानेवारीचे मासे पोहत असतात. ऑनलाइन जायला दोघांकडेही निन्टेन्डो स्विच ऑनलाइनची वर्गणी लागते, एवढंच.

गळ

सुरुवातीचा कच्चा गळ झाडाच्या 5 फांद्यांत होतो आणि 10 वापरांत मोडतो. त्याला लोखंडाचा 1 गोळा जोडला की साधा पक्का गळ तयार होतो, तो 30 वापर टिकतो. सोनेरी गळाची कृती 80 च्या 80 मासे पकडल्यावरच हाती येते. तो 90 वापर चालतो आणि मग तोही मोडतो, त्यामुळे त्याच्यासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही. गळ किती झिजलाय हे गेम कुठेच दाखवत नाही. पाऊस पडतोय, समोर भली मोठी सावली आहे आणि तेवढ्यात हातातला गळ तुटला, ही तक्रार ठरलेली आहे. खिशात कायम दुसरा ठेवा.

खिसा भरलेला असला तर मासा गळाला लागूनही काहीतरी सोडून द्यावं लागतं. खिशाच्या जागा सुरुवातीला 20 असतात, नूक माइल्स (गेममध्ये कामं करून मिळणारे गुण) खर्चून त्या 30 आणि मग 40 करता येतात. हा खर्च गळ-फावड्याच्या शोभेच्या खर्चाआधी करा.

ओढायचं कधी

‘ए’ बटण दाबून बोया माशाच्या तोंडापुढे पडेल असा टाका. शेपटीमागे किंवा फार लांब पडला तर मासा वळूनही बघत नाही. तसं झालं तर वाट बघू नका, लगेच ओढून परत टाका. किनाऱ्याजवळ धावलात तर मासा पळतो, म्हणून सावली दिसली की ‘बी’ वरचं बोट काढा आणि चालत जा.

मासा बोयाला टोचा मारतो. कधी एकदा, कधी दोनदा, कधी चारदा. टोचा म्हणजे बोया थोडासा हलतो आणि बारीक आवाज येतो. खरा चावा बसला की बोया पूर्ण पाण्याखाली जातो, ‘डुब्बुक’ असा जड आवाज येतो आणि कंट्रोलर थरथरतो. ‘ए’ तेव्हाच दाबायचं. मासा पाचव्यांदा आला तर तो चावाच असतो, त्याहून जास्त टोचे गेममध्ये नाहीतच. म्हणून चार टोचे मोजून झाले की बोट बटणावर तयार ठेवा.

मासे निसटतात ते बहुतेक डोळ्यांमुळे. स्क्रीनवर बोया हलताना दिसला की बोट आपोआप दाबलं जातं. कोकणात खाडीवर गरी टाकून बसणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दोरी नुसती हलली म्हणून तो हात उचलत नाही. इथेही तसंच. इअरफोन लावा, गेमचं संगीत कमी करा आणि नजर चक्क दुसरीकडे न्या. अगदी झोपाळलेल्या अवस्थेतही कानाने मासा चुकत नाही.

सावलीचे आकार

सावल्या सहा आकारांच्या असतात, चिमुकलीपासून अवाढव्यपर्यंत. त्याखेरीज ईलसारख्यांची लांब-सडपातळ सावली वेगळी आणि पाठीवर पर (फिन) बाहेर आलेली सावली वेगळी. सहावा आणि चौथा यांच्यातला फरक सहज ओळखू येतो. चौथा आणि पाचवा यांच्यात मात्र जुने खेळाडूही फसतात. त्याला उपाय एकच, तुलना: समुद्रात सतत मिळणारा सी बास हा पाचव्या आकाराचा आणि ताय मासा (इंग्रजी गेममधला ‘रेड स्नॅपर’) चौथ्या आकाराचा. हे दोन दहा-बारा वेळा बघून ठेवले की डोळा बसतो.

ताय पकडला की जपून ठेवा. वर्षभर, दिवसभर मिळणारा हा मासा 3,000 बेल्सना (बेल्स म्हणजे गेममधलं चलन) जातो. त्याच पाण्यातला सी बास फक्त 400 ला. जपानमध्ये तायचा मान आधीपासून मोठा. सात भाग्यदेवतांपैकी एबिसु हा कोळ्यांचा देव, त्याच्या एका हातात गळाची काठी आणि काखेत ताय असतो. सन 712 च्या ‘कोजिकी’त तर एक राजपुत्र मोठ्या भावाचा गळाचा आकडा समुद्रात हरवतो, तो शोधत समुद्रदेवाच्या महालात पोचतो, आणि आकडा सापडतो तो तायच्या घशात अडकलेला.

खात्रीच्या वेळा

आता मुद्द्याचं. प्रत्येक मासा कधी मिळतो याच्या याद्या सगळीकडे मिळतात. त्या पाठ करण्यापेक्षा त्याच आकाराचे बाकीचे मासे कधी नसतात हे बघा. जिथे एकाच आकाराचा एकच मासा उरतो, ती वेळ सोन्याची.

सीलकँथ (15,000 बेल्स): पाऊस पडत असेल तेव्हा समुद्रात, वर्षभर, कोणत्याही वेळी. सावली सहावी, पर नाही. हिच्यात गोंधळ घालणारे दोन: ओअरफिश डिसेंबर ते मे असतो आणि नेपोलियन फिश जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे 4 ते रात्री 9. म्हणजे जून, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबरमध्ये पाऊस असताना वाळूवरून दिसणारी अवाढव्य बिनपराची सावली म्हणजे सीलकँथच. जुलै-ऑगस्टमध्ये हाच नियम रात्री 9 नंतर लागू होतो. धक्क्यापासून मात्र लांब राहा, तिथे टुना आणि ब्लू मार्लिन हाच आकार घेऊन येतात. आणि पाऊस म्हणजे गेममधला पाऊस. खिडकीबाहेर मुंबई तुंबली असली तरी बेटावर ऊन असेल तर उपयोग नाही.

परवाले: जून ते सप्टेंबर. आपल्याकडे जून-जुलैत यांत्रिक बोटी बंदरात बांधलेल्या असतात, गेममध्ये मात्र हाच खरा हंगाम. मोठ्या परवाल्या पाच माशांची सावली एकसारखीच असते. व्हेल शार्क (13,000) दिवसभर मिळतो. ग्रेट व्हाइट (15,000), सॉ शार्क (12,000) आणि हॅमरहेड (8,000) दुपारी 4 ते सकाळी 9. सनफिश (4,000) जुलै ते सप्टेंबर, पहाटे 4 ते रात्री 9. यातून काय निघतं? जूनमध्ये सकाळी 9 ते दुपारी 4 या वेळात अवाढव्य परवाली सावली दिसली तर व्हेल शार्कच. जुलैपासून याच वेळात सनफिश किंवा व्हेल शार्क, तिसरं काही नाही. ग्रेट व्हाइट हवा असेल तर रात्री 9 ते पहाटे 4 बसा, कारण तेव्हा सनफिश मधे तडमडत नाही. पर आहे पण सावली तशी लहान, तर तो सकरफिश.

रात्रीच्या त्याच वेळात, 9 ते 4, बॅरलआयही मिळतो, वर्षभर. 15,000 चा मासा आणि सावली दुसऱ्या आकाराची. लोक याला हॉर्स मॅकरेल समजून सोडून देतात, आणि खरं तर बहुतेक वेळा तो हॉर्स मॅकरेलच असतो. इलाज नाही. रात्री समुद्रात एकही छोटी सावली सोडायची नाही, एवढाच नियम.

स्टर्जन (10,000): नदीच्या मुखाशी, सप्टेंबर ते मार्च, कोणत्याही वेळी, सावली सहावी. सप्टेंबरमध्ये तिथेच किंग साल्मनही त्याच आकाराचा येतो आणि तो फक्त 1,800 चा. शिवाय साल्मन आणि किंग साल्मन हे दोघे वर्षातून त्या एकाच महिन्यात मिळतात, त्यामुळे सप्टेंबर त्यांना द्या आणि स्टर्जनसाठी ऑक्टोबर ते मार्च ठेवा. मुख म्हणजे नदी समुद्राला मिळते तो अखेरचा तुकडा. उभं राहताना बोया समुद्राच्या बाजूला तर पडत नाही ना, ते बघा.

स्ट्रिंगफिश (15,000): कड्यावरच्या नदीत, डिसेंबर ते मार्च, दुपारी 4 ते सकाळी 9, सावली पाचवी. हा खऱ्या जगातला इतो, होक्काइदोच्या नद्यांतला. संख्या इतकी घटलीय की जपानी गळवाले त्याला ‘मृगजळासारखा मासा’ या अर्थाच्या नावानेच ओळखतात. गेममध्ये त्या मानाने सोपा आहे, कारण थंडीत कड्यावर त्या आकाराचं दुसरं फारसं काही नसतं.

सोनेरी ट्राउट (15,000): तोही कड्यावर, त्याच वेळात, पण मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. सावली तिसरी, आणि ‘चार’ नावाचा मासा, चेरी साल्मन, डेस सगळे त्याच आकाराचे. इथे कोणतीही युक्ती चालत नाही. आमिष लागतंच, आणि भरपूर लागतं.

ज्यांनी बेट सुशोभित करण्याच्या नादात कड्यांवरचं सगळं पाणी बुजवून टाकलंय त्यांना हे दोन मासे आपल्या बेटावर कधीच मिळणार नाहीत. वरच्या मजल्यावर थोडी वाहती नदी राखून ठेवा.

तळ्यातल्या माशांना फार वेळ द्यायची गरज नाही. कॅटफिश मे ते ऑक्टोबर, दुपारी 4 ते सकाळी 9. गार जून ते सप्टेंबर, त्याच वेळात. कॅटफिश 800 बेल्सचा, म्हणून कोणी फारसं विचारत नाही. जपानी लोककथेत मात्र भूकंप होतो तो याच्याच शेपटीमुळे: जमिनीखाली नामाझु नावाचा महाकाय कॅटफिश असतो आणि इबाराकीतल्या काशिमा देवस्थानचा दगड त्याला दाबून धरतो. 1855 च्या एदोच्या भूकंपानंतर या नामाझुची चित्रं छापून गल्लोगल्ली विकली गेली होती.

आमिष

वाळूतून पाण्याची चिळकांडी उडते तिथे फावड्याने खणलं की मनिला शिंपला मिळतो. एका शिंपल्याचं एक आमिष. बनवताना ‘ए’ दाबत राहिलं की हातकाम भराभर उरकतं. खिसा शिंपल्यांनी भरत आला की जवळच्या कामाच्या बाकावर (वर्कबेंच) लगेच आमिष बनवून टाका.

आमिषाबद्दल एक गैरसमज पक्का रुजलाय की त्याने दुर्मीळ मासा येतो. तसं नाही. आमिष तिथे त्या वेळी मिळू शकणाऱ्या माशांपैकी कोणताही एक तुमच्यासमोर लगेच आणून उभा करतं. म्हणून चुकीच्या महिन्यात शंभर आमिषं ओतलीत तरी पाण्यात गेली. योग्य वेळी मात्र काम असं करायचं:

1. धक्क्याच्या टोकाला, नदीच्या मुखाशी किंवा कड्यावर, जिथे तो मासा असतो तिथेच उभे राहा.
2. आमिष टाका, सावली उमटेपर्यंत थांबा.
3. आकार चुकीचा असेल तर गळ टाकूच नका. तिथल्या तिथे धावून तिला पळवून लावा. दोन सेकंदांचं काम आहे, आणि गळाचा एक वापरही वाचतो.
4. आकार बरोबर असेल तरच गळ.

धक्क्यावर ही पद्धत सगळ्यात जास्त कामी येते. टुना (7,000) नोव्हेंबर ते एप्रिल आणि ब्लू मार्लिन (10,000) नोव्हेंबर ते एप्रिल व पुन्हा जुलै ते सप्टेंबर, दोन्ही सहाव्या आकाराचे. माही-माही (6,000) आणि जायंट ट्रेव्हली (4,500) मे ते ऑक्टोबर, पाचव्या आकाराचे. म्हणजे इथे सी बास तुम्हाला छळणार. धक्क्यावरही साधे समुद्री मासे येतातच. म्हणून चाळीस-पन्नास आमिषं बरोबर घेतल्याशिवाय धक्क्यावर जाऊ नका.

पकडल्यावर

पहिला नमुना संग्रहालयातल्या ब्लॅदर्स घुबडाला. स्टर्जन विकून 10,000 मिळाले आणि मग आठवलं, असं झालं तर पुढचा कधी मिळेल ते सांगता येत नाही.

नूकचं दुकान सकाळी 8 ते रात्री 10. रात्री पकडलेले मासे बाहेरच्या पेटीत टाकले तर 80 टक्केच भाव मिळतो, तेव्हा बॅरलआयवाल्यांनी सकाळपर्यंत कळ काढावी. त्याहून बरं म्हणजे सी. जे. या बीव्हरची वाट बघणं. तो अधूनमधून बेटावर येतो आणि दीडपट भाव देतो, म्हणजे 15,000 चा मासा 22,500 ला. तोपर्यंत मासे जमिनीवर ठेवले की टाकीत तसेच राहतात, कितीही दिवस. किनाऱ्यावर एक कोपरा त्यासाठी ठरवून घ्या. एकाच जातीचे तीन मासे सी. जे. ला दिले तर त्या माशाची प्रतिकृती टपालाने येते.

गेममधली मासेमारीची स्पर्धा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी 9 ते संध्याकाळी 6. एक फेरी 3 मिनिटांची; पहिली फुकट, नंतर 500 बेल्स. दर माशाला 1 गुण, तीन किंवा जास्त पकडले तर वर 2 गुण. 100, 200 आणि 300 गुणांना कांस्य, रौप्य, सुवर्ण चषक. इथे आकार, भाव, दुर्मिळता काही मोजत नाही, फक्त संख्या. आमिष चालतं. आदल्या दिवशी शिंपले खणून ठेवा आणि फेरी सुरू झाली की एका जागी उभं राहून आमिष-गळ, आमिष-गळ. सावली शोधत पळणाऱ्याची तीन मिनिटं पळण्यातच जातात.

याच्या पुढची पायरी

हे सगळं हातात बसलं आणि आणखी खोल पाण्यात उतरायचं असेल तर ‘फायनल फॅन्टसी 14’ या ऑनलाइन गेममधला फिशर (मासेमाराचा पेशा) घ्या. तिथे एओर्झियाचा (त्या गेममधल्या जगाचा) एक दिवस आपल्या 70 मिनिटांत संपतो, आणि माशांना वेळेबरोबर हवामानही ठरवून दिलेलं असतं, कधीकधी आधीच्या हवामानासकट. सावली नाही, ओढ किती जोराची आहे ते डोक्यावर येणाऱ्या उद्गारचिन्हांवरून कळतं. ‘पेशन्स’ हे कौशल्य (200 जीपी, म्हणजे ते वापरायला खर्च होणारे गुण) लावल्यावर साध्या हुकने ओढलंत तर मासा बहुधा सुटतो. एक चिन्ह असेल तर प्रिसिजन हुकसेट, दोन किंवा तीन असतील तर पॉवरफुल; प्रत्येकी 50 जीपी. काही छोटे मासे पकडल्यावर त्यांनाच आमिष करून मोठा मासा धरता येतो, त्याला मूच म्हणतात. नवशिक्याने लिम्सा लॉमिन्सा या तिथल्या बंदरातून दर दोन तासांनी सुटणारी मासेमारीची बोट धरावी. पहिल्या लेव्हलपासून जाता येतं आणि लेव्हल भराभर वाढते. फक्त नावनोंदणी 15 मिनिटंच खुली असते, तेव्हा आमिष विकत घ्यायचं काम बोट लागायच्या आधी उरका.